म्हसूनं लेकीसाठी खोली काढली

एका गावात एक भोळा माणूस राहत होता, म्हसू त्याचं नाव. भोळा हे लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे. पाठीमागं काय म्हणायचे ते लिहीत नाही, पोरंबाळं वाचतात.

म्हसू कामाला वाघ होता. सांगितलेलं काम टाळायचा नाही आणि एकदा सांगितलेलं विसरायचा नाही. ह्या दोन गुणांमुळंच सगळा घोटाळा व्हायचा. आळशी असता, विसराळू असता, तर गावाला एवढा ताप झाला नसता.

त्याचं घर म्हणजे एकच लांबट खोली. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला शेळ्या, आणि मधल्या जागेत म्हसू आणि त्याची बायको गिरजा. धूर शेळ्यांकडे जायचा, शेळ्यांचा वास चुलीकडे यायचा. कुणाची तक्रार नव्हती.

मग हौसाला दिवस गेले. हौसा ही त्यांची एकुलती एक लेक, ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, हे काय सांगायला पाहिजे? पण बाळंतीण ठेवायची कुठं? तिला बाज लागते, बाजेखाली शेगडी लागते, अंग शेकायला आडोसा लागतो. चुलीच्या आणि शेळ्यांच्या मधे हे सगळं बसवायचं म्हणजे म्हसूला झाडावर राहायला जावं लागलं असतं.

हौसाची सासू कोंडाबाई. बाई तालेवार आणि तोंडाची फटकळ. तिनं निरोप धाडला की शेळ्यांच्या शेजारी माझी सून मी निजवणार नाही. वेगळी खोली काढा. मी स्वतः येऊन बघीन. मनाला आली तर सून धाडीन, नाहीतर बाळंतपण माझ्या घरात होईल.

गिरजेला हा निरोप झोंबला. लेकीचं पहिलं बाळंतपण सासूनं केलं म्हणजे ती ते जन्मभर ऐकवणार. ते एक सोसलं असतं. पण हौसा भित्री होती. पायात काटा मोडला तरी आईचा हात धरल्याशिवाय तो काढू द्यायची नाही. आता एवढं मोठं दुखणं ती कुणाचा हात धरून सोसणार, हे गिरजेच्या डोक्यातून जाईना. ती म्हसूला म्हणाली, "खोली काढायचीच. पण तुमच्या डोक्यानं काय करू नका. गवंडी सांगंल ते ऐका, तेवढंच करा."

"तेवढंच करतो," म्हसू म्हणाला.

गावात हणमा गवंडी होता. हाताला चांगला, पण डोकं जरा तापट. तो आला, जागा बघितली. घराच्या उगवतीला, शेळ्यांच्या भिंतीला लागून नवी खोली धरायची असं ठरलं. त्यानं दोरी लावली आणि जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या. जाताना म्हणाला, "म्हसूबा, उद्या येऊन पाया खोदतो. तवर ह्या रेघेच्या आत कुणाला पाय ठेवू देऊ नगंस. रेघ पुसली तर समदं वाकडं व्हईल."

म्हसू काठी घेऊन रेघेपाशी बसला. शेळ्या हाकलल्या, कोंबड्या हाकलल्या, शेजारची म्हातारी विस्तव मागायला आली तिला लांबून वळसा घालायला लावला. सकाळी हणमा कुदळ-फावडं घेऊन आला आणि रेघ ओलांडायला पाय उचलला, तर म्हसूनं काठी आडवी धरली.

"आरं मला खोदायचंय."

"बाहेरनं खोद. आत पाय ठेवायचा न्हाई."

"बाहेरनं आतलं कसं खोदू?"

"ते तुझं तू बघ. कुणालाबी सोडू नगंस म्हणालास. तू काय कुणीच न्हाईस व्हय?"

गिरजा रानातून येईपर्यंत हणमा कडेला तंबाखू मळत बसला. अर्धा दिवस गेला. गिरजेनं काठी काढून घेतली तेव्हा पाया खोदायला लागला.

पाया भरला, भिंत गुडघ्याएवढी आली. हणमाला दुसरीकडं दोन दिवसांचं काम होतं. जाताना त्यानं म्हसूला नीट समजावलं. "हे बघ, नव्याला पाणी मारावं लागतं. सकाळ-संध्याकाळ मारायचं, भिजवून काढायचं. पाण्याबिगर पक्कं व्हत न्हाई."

"नव्याला पाणी मारायचं," म्हसू म्हणाला.

त्यानं भिंतीला पाणी मारलं. ते बरोबर केलं. मग इकडंतिकडं बघितलं. अंगणात सिमेंटची पोती होती, तालुक्याहून कालच बैलगाडीतून आलेली. कोरी करकरीत. भिंतीपेक्षा नवी. म्हसूनं विहिरीवर खेपा घालून पोती भिजवून काढली. सकाळी मारलं, संध्याकाळी मारलं, मधे दुपारी ऊन फार होतं म्हणून जास्तीचं एकदा मारलं.

हणमा परत आला. पोत्याला हात घातला, पोतं हलेना. लाथ मारली, तर लाथेलाच लागलं. पोत्यांचे धोंडे झाले होते, गोणीची वीण सुद्धा उमटलेली.

"हे काय केलंस?"

"पक्की केली," म्हसू म्हणाला. "आता चोर बी उचलणार न्हाई."

हणमा डोकं धरून त्याच धोंड्यावर बसला. गिरजेनं शेळ्यांतली एक शेळी बाजारात नेली आणि नवं सिमेंट आणलं. शेळ्यांकडची थोडी जागा रिकामी झाली, पण तो काही घर वाढवायचा मार्ग नव्हे.

मग हणमानं म्हसूला समोर बसवलं. "आता कान उघडे ठेव. गावाबाहेरनं जे काय येईल ते आल्या आल्या आत न्यायचं. वरनं घोंगडं घालून झाकायचं. आन पाण्याचा थेंब लागू द्यायचा न्हाई. थेंब म्हणजे थेंब."

"एवढं आधीच सांगितलं असतंस तर?" म्हसू म्हणाला. आणि त्यानं ते डोक्यात घट्ट बसवलं.

नवं सिमेंट आलं ते गिरजेनंच आत नेऊन झाकलं. म्हसूला ती संधी मिळाली नाही. त्याला चुटपूट लागली.

दोन-चार दिवसांनी हौसाचा सासरा आला. सटवाजी त्याचं नाव. माणूस स्वभावानं गरीब, बायकोपुढं तोंड न उघडणारा. ओढा कोरडा, ऊन डोक्यावर, बिचारा चालत आला होता. गिरजा रानात, हणमा वाळू आणायला गेलेला, घरी एकटा म्हसू. त्यानं व्याह्याला बघितलं. गावाबाहेरनं आलेला. म्हसूनं लगेच त्याला दंडाला धरून आत नेलं, बसवलं आणि अंगावरनं घोंगडं घातलं.

सटवाजीला वाटलं, ह्यांच्याकडची काही रीत असेल. थोडा वेळ तो घोंगड्याखाली बसला. मग आतून म्हणाला, "व्याही, पाणी मिळंल का?"

"न्हाई."

"तहान लागलीय वं."

"थेंब मिळायचा न्हाई," म्हसू म्हणाला आणि कोपऱ्यातली घागर उचलून बाहेर ठेवून आला. व्याही उठायला लागला की हा घोंगडं खाली दाबायचा.

आता सांगा, आपल्याकडं दारात आलेल्या परक्या माणसाला सुद्धा आधी पाणी विचारतात. आणि हा तर लेकीचा सासरा. गिरजा रानातून आली तेव्हा तिला घरात एक घोंगडं धापा टाकताना दिसलं. तिनं ते ओढून काढलं. आत व्याही, भाजलेल्या वांग्यासारखा झालेला.

गिरजेनं त्याच्या पायावर पाणी घातलं, गूळ दिला, तांब्या दिला, पुन्हा तांब्या दिला. हात जोडले. सटवाजी भला माणूस. म्हणाला, माझं काही नाही, पण मी ज्या कामाला आलो ते ऐका. येत्या गुरुवारी कोंडाबाई खोली बघायला येणार आहे. घोंगड्याचं मी घरी सांगत नाही. सांगितलं तर सून ह्या जन्मी इकडं येणार नाही.

तो गेल्यावर गिरजेनं म्हसूला धरलं. "अवं, दारात कुणीबी येऊ दे. आधी त्याच्या पायावर पाणी घालायचं. मग गूळ द्यायचा. बसा म्हणायचं. लगेच निघालं तर जाऊ द्यायचं न्हाई, हाताला धरून ठेवायचं. ते नको नको म्हणतंच, आपण सोडायचं नसतं."

"कुणीबी?"

"कुणीबी."

भिंत आता डोक्याच्या वर गेली होती. हणमा बांबूची परांची बांधून त्यावर उभं राहून काम करत होता. आणि दारात गावचा वळू आला.

देवाला सोडलेला वळू तो. गावात कुठंही जायचा, काहीही खायचा, कुणी बोलायचं नाही. म्हसू त्याला सामोरा गेला. चारी पायांवर पाणी घातलं. गुळाचा खडा दिला. वळूनं खाल्ला, आणखी मागितला, म्हसूनं आणखी दिला. इथवर दोघांचं चांगलं जमलं. मग वळू जायला निघाला.

"बसा की," म्हसू म्हणाला.

वळू बसला नाही.

म्हसूनं त्याला धरलं. वळू नको नको म्हणत होता, पण ते म्हणतंच, असं गिरजेनं सांगितलेलंच होतं. धरून हात दुखायला लागले तेव्हा म्हसूनं दावं आणलं, एक टोक वळूच्या गळ्यात बांधलं आणि दुसरं परांचीच्या बांबूला. वरून हणमानं विचारलं, काय करतोयस रं. म्हसू म्हणाला, पाव्हण्याला आग्रह करतोय.

वळूला आग्रह आवडला नाही. तो निघाला. बांबू निघाला, बांबूमागं परांची निघाली, आणि हणमा भिंतीला पालीसारखा चिकटून राहिला. वळू दोन आळ्या ओलांडून मारुतीपर्यंत परांची घेऊन गेला. लोकांना वाटलं, कसली तरी मिरवणूक आहे. दोघंतिघं पाया पण पडले.

हणमाला शिडी लावून उतरवलं. त्याच्या हिसक्यानं एका अंगाची भिंत जरा बाहेर झुकली होती. ओल्या भिंतीचं तसंच असतं. त्यानं धावत जाऊन लाकूड आणलं आणि भिंतीला तिरकं लावलं, तेव्हा ती थांबली.

"दिसलं का?" तो ओरडला. "वाकतंय असं दिसलं की टेकू द्यायचा. इचारायचं न्हाई, वाट बघायची न्हाई. वाकलं की टेकू. बाकी काय बी करू नगंस, तुझ्या पाया पडतो."

आणि तो खरंच पाया पडायला वाकला, तर म्हसूनं त्याच्या पोटाखाली फळी लावली.

हणमा संतापून घरी निघून गेला. गिरजा त्याच्या दारात जाऊन बसली. लेकीचं नाव काढलं, रडली, तेव्हा तो परत आला. पण म्हसू मोकळा असला की मी काम करणार नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. म्हणून गिरजेनं म्हसूला रोज गावात पाठवून द्यायला सुरुवात केली. जा, कुठंही जा, संध्याकाळी या.

म्हसू फळी काखोटीला मारून गावात फिरायचा. ओझ्यानं वाकलेला शेवगा दिसला, त्याला टेकू दिला. ते बरं केलं. कुबड आलेला न्हावी दिसला, त्याला दिला. ते बरं केलं नाही. मग तो मारुतीच्या देवळात गेला. तिथं गावचा पाटील डोळे मिटून, हात जोडून देवापुढं वाकला होता. मोठा माणूस, मोठं पोट, आणि चांगलाच वाकलेला. म्हसूनं फळी पोटाखाली घातली आणि बूड दगडाला टेकवून घट्ट केली. पाटलाला उठताही येईना, बसताही येईना.

पाटील ओरडला ते वेशीपर्यंत ऐकू गेलं. लोकांनी सोडवल्यावर त्यानं म्हसूला दम दिला. "माणूस डोळं मिटून असला की त्याला हात लावायचा न्हाई, हाक मारायची न्हाई, जवळ सुद्धा जायचं न्हाई. आपलं काम आपण गुपचूप करावं. कळलं का?"

"कळलं," म्हसू म्हणाला. "सगळीजणं थोडं थोडं सांगतात. एकदम कुणी सांगत न्हाई."

म्हसू घरी नव्हता त्यामुळं खोली झपाट्यानं उभी राहिली. भिंती सरळ, वर कोरे पत्रे, गजांची एक खिडकी, एक दार. दाराची चौकट बसवताना गिरजेनं तिला हळदकुंकू वाहिलं, वर नारळ बांधला. आत शेणानं सारवून घेतलं. बाज टाकली, बाजेखाली शेगडीला जागा ठेवली. दारात उभं राहून तिनं खोली बघितली आणि डोळ्याला पदर लावला. तिचं अर्धं काम झालं होतं. आता कोंडाबाई यायची होती.

गुरुवारी कोंडाबाई आली. गिरजेनं पहाटे उठून पुरण घातलं होतं आणि म्हसूला बजावलं होतं की आज तुम्ही तोंड उघडू नका. विहीणबाई सांगतील ते करा, दुसरं काही करू नका.

कोंडाबाईनं खोलीला बाहेरून एक चक्कर मारली. भिंतीला हात लावून बघितला. पत्र्याकडं बघितलं. आत जाऊन बाजेवर बसली, बाज करकरली.

"खोली हाय का दाण्याची कणगी?" ती म्हणाली.

गिरजेनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बरी हाय म्हणा. आमच्या गोठ्याएवढी असंल. शेळ्यांचा वास येत न्हाई, तेवढं चांगलं." मग तिनं नाक वर केलं, मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली. "पण वारा येतोय."

आता बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नसतो, हे कुठल्याही बाईला विचारा. कानाला फडकं बांधतात, खिडकी लावून घेतात, फटीत चिंध्या कोंबतात. एकदा वारा अंगात शिरला की जन्माचं कंबरदुखणं. कोंडाबाई म्हणाली ते काही चूक नव्हतं. तिनं म्हसूकडं बघून सांगितलं, "व्याही, जिथनं जिथनं वारा आत येतोय ते बुजवून टाका. पक्कं बुजवा, चिंध्याबिंध्या नकोत. वारा बंद झाला की सून उद्याच धाडते. कोंडाबाईचा शब्द हाय."

म्हसूनं मान हलवली. तोंड उघडायचं नव्हतं.

पुरणपोळ्यांचं जेवण झालं. वर वाटीनं तूप. कोंडाबाई म्हणाली, मी इथंच बाजेवर जरा पडते, खोलीचा अंदाजही येईल. आणि घोरायला लागली. गिरजेला जाताना तिची ओटी भरायची होती आणि खण घरात होता, पण नारळ चौकटीला बांधला होता. ती नारळ आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानाकडं गेली. तिथं नारळ निघाला नासका, म्हणून तशीच पुढच्या वाडीला गेली.

म्हसू कामाला लागला. त्यानं उदबत्ती पेटवली आणि धूर कुठं हलतो ते बघत फिरला. खिडकीपाशी धूर हलला. त्यानं खिडकी दगडांनी बुजवली. पुन्हा उदबत्ती फिरवली. एवढ्यातेवढ्या दोनतीन फटी निघाल्या, त्या लिंपल्या. तरी धूर हलतच होता. म्हसू विचार करत बसला. आणि मग त्याला दिसलं की समोर केवढी मोठी फट आहे. माणूस आतबाहेर करेल एवढी. गवंड्यानं एवढी फट ठेवावी आणि कुणाच्या लक्षात येऊ नये, ह्याचं त्याला नवल वाटलं.

कोंडाबाई आत निजली होती. डोळे मिटलेल्या माणसाला हाक मारायची नव्हती. आपलं काम गुपचूप करायचं होतं.

त्यानं गुपचूप केलं. चौकटीच्या कडेनं सुद्धा बारीक वारा येत होता, म्हणून चौकटीवर भिंत पेलायला टाकलेल्या आडव्या फळीला टेकू देऊन चौकट आख्खी उपसून काढली. टेकू काय झकास लावला होता. मग दगड घेतले, सिमेंट कालवलं, दोरी लावली, थरावर थर चढवला. हणमाचं बघून बघून हात बसला होता. फळीखाली शेवटचा दगड ठोकून बसवला, टेकू काढला, आणि कडेनं उदबत्ती फिरवली. धूर सरळ वर गेला. मग त्यानं नव्या भिंतीला पाणी मारलं.

ऊन कललं तेव्हा गिरजा नारळ घेऊन आली. अंगणात थांबली. म्हसू चौकटीवर बसून हात धूत होता. चौकट जमिनीवर आडवी पडलेली.

"दार कुठं गेलं?"

म्हसूनं बोटानं तोंडावर खूण केली, की मला बोलायचं नाही.

"बोला. विहीणबाई कुठं हायत?"

"निजल्यात," म्हसू हळू आवाजात म्हणाला. "हाक मारू नगंस."

तेवढ्यात आतून आवाज आला. आधी गिरजेला, मग म्हसूला, मग त्याच्या सगळ्या खानदानाला कोंडाबाईनं हाका मारल्या. सगळं लिहिण्यासारखं नाही. गिरजा भिंतीला कपाळ लावून रडायला लागली. झालं, तिला वाटलं. लेक गेली हातची.

हणमा धावत आला. त्यानं भिंत बघितली. ओळंबा लावून बघितला. मग डोक्यावरचं मुंडासं काढलं.

"एवढी सरळ भिंत मी जल्मात घातली न्हाई," तो म्हणाला.

"पाडा की ती," गिरजा म्हणाली.

हणमानं नाही अशी मान हलवली. चौकट काढल्यामुळं वरची फळी, फळीवरची भिंत आणि पत्रे, सगळा भार ह्या ओल्या भिंतीवर आला होता. आता हात लावला तर सगळंच आत बसलेल्या बाईच्या डोक्यावर येईल. तो म्हणाला, भिंत रात्रभर मुरू दे, उद्या दुपारी येऊन मी नीट टेकू देऊन दार काढतो, चौकट बसवतो. तोवर बाईला वरून काढू. म्हसूकडं वळून त्यानं सांगितलं, "ह्या भिंतीला हात लावायचा न्हाई. बोट सुद्धा न्हाई."

"न्हाई लावत," म्हसू म्हणाला.

हणमानं वरचा एक पत्रा सोडवला आणि आत शिडी सोडली. तोवर अर्धा गाव अंगणात जमला होता. शिडी कुरकुरली, थोडा वेळ गेला, आणि पत्र्यांच्या मधून कोंडाबाईचं डोकं वर आलं. कुंकू घामानं नाकापर्यंत उतरलेलं. पाठोपाठ सगळी कोंडाबाई आली. बाहेरच्या शिडीनं ती खाली उतरली, पदर सारखा केला आणि म्हसूपुढं उभी राहिली.

गिरजेनं हात जोडले. "विहीणबाई, माझ्याकडं बघा. त्यांच्याकडं बघू नका."

कोंडाबाईनं नाकावरचं कुंकू पुसलं. बाई फटकळ होती, पण दिलेला शब्द गिळणारी नव्हती.

"वारा न्हाई," ती म्हणाली. "मी दुपारभर आत उकडून निघालेय, मला इचारा. केसाएवढा वारा न्हाई. उद्या दिस वर आला की सून धाडते."

गिरजा तिच्या पायावर पडली. म्हसूला फळी सापडली नाही, हे बरं झालं. गिरजेनं ओटी भरली, कोंडाबाई गेली. जाताना एवढंच म्हणाली की दार मात्र करा बाई, माझी सून गरोदर हाय, माकड न्हाई.

दुसऱ्या दिवशी गिरजा उजाडायच्या आत उठली. हणमा दुपारी येणार होता, पण तिला दम धरवत नव्हता. कोंडाबाईनं उकाड्यात खोलीत केलेला पसारा आवरायचा होता, पुन्हा सारवायचं होतं, बाजेवर गोधडी घालायची होती. ती शेणाची पाटी घेऊन शिडीनं वर चढली आणि पत्र्याच्या फटीतून आत उतरली. जाताना म्हसूला म्हणाली की मी आत हाय, हौसा आली की तिला बसवा आणि काही करू नका.

म्हसूला दुसरं काही करायचंच नव्हतं. एक काम तेवढं अर्धवट राहिलं होतं. विहीणबाईंनी जिथनं जिथनं म्हणून सांगितलं होतं. त्यानं उदबत्ती पेटवली, वर चढला, आणि जिथून पत्रा काढला होता तिथं धूर भसाभस आत जात होता. एवढं मोठं भोक, आणि आज लेक येणार. त्यानं आतली शिडी वर ओढून घेतली, कारण ती फटीत येत होती. पत्रा जागेवर बसवला, कडेनं खिळे ठोकले, वरून सिमेंट फिरवलं. आतून गिरजा काहीतरी बोलत होती, पण ठोकण्याच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं. मग त्याला पाणी मारलं.

दिवस वर आला. बैलगाडी दारात थांबली. हौसा कमरेवर हात ठेवून सावकाश उतरली. बापाला बघून हसली. मग तिनं खोलीला एक चक्कर मारली, पुन्हा एक मारली, आणि म्हसूपाशी येऊन थांबली.

"आबा, हिला दार कुठं हाय?"

"दुपारी येणार हाय. गवंड्यानं बोट लावू नगंस म्हणून सांगितलंय."

"आन आय कुठं हाय?"

"आत हाय की," म्हसू म्हणाला. "तुझ्यासाठी सारवतीया. ये, तू बस हितं अंगणात. वारं काय झकास सुटलंय बघ."